प्रोग्रामरलाच आधी प्रोग्रामर हवा!

प्रोग्रामर म्हणजे मायक्रोकंट्रोलरमध्ये कोड भरणारं छोटंसं यंत्र. अशा यंत्रांत हौशी मंडळींचं लाडकं नाव म्हणजे यूएसबीएएसपी. जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी त्याचं सर्किट आणि फर्मवेअर दोन्ही सर्वांसाठी खुलं केलं, म्हणून तर आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते काहीशे रुपयांत मिळतं. गंमत अशी, की त्याचा मेंदू स्वतःच एक एटीमेगा८ आहे. घरी बनवायला घेतलंत, तर त्या कोऱ्या चिपमध्ये फर्मवेअर भरायला दुसरा प्रोग्रामर लागतो! शिवाय त्या चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअर नाहीच. संगणकाशी सगळा संवाद ती निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर करते.

हा पेच सोडवतो आर्डुइनो ऊनो. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये उदाहरणांच्या यादीतच ‘आर्डुइनोआयएसपी’ नावाचं स्केच, म्हणजे प्रोग्राम, असतं. ते चढवा, सहा वायरी जोडा, की ऊनो झाला प्रोग्रामर. स्केच चढवून झाल्यावर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र लावा. नाहीतर संगणकाने हाक मारताच ऊनो रीसेट होतो आणि समोरच्या चिपऐवजी स्वतःच उत्तर देऊ लागतो. घरात ऊनो असेल आणि काम अधूनमधूनचंच असेल, तर खरंच काही विकत घेऊ नका.

आता वेगाचा घोळ. नवी कोरी एटीटाइनी८५ चिप प्रोग्रामरला ‘सापडतच नाही’ म्हणून किती चांगल्या चिपा कचऱ्यात जातात! कारखान्यातून ती फक्त १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते आणि प्रोग्रामरचा वेग चिपच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी लागतो. यूएसबीएएसपीवर त्यासाठी खास जंपर आहे. घेताना तिथे पिना आहेत का, तेवढं बघा. स्वस्त बोर्डांवर अनेकदा नुसती भोकं असतात. ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपरही तपासा. पुष्कळ बोर्डांवर तो फक्त पुरवठा बदलतो, सिग्नलच्या तारा ५ व्होल्टवरच राहतात. त्याच तारांवर एसडी कार्ड असेल, तर ते आधी काढून ठेवा.

जुना काळ आठवा. चिपच्या डोक्यावर काचेची खिडकी असायची आणि आतला कोड पुसायला अतिनील दिव्याखाली वाट बघत बसावं लागे. १९९३मध्ये पीआयसी१६सी८४ ही चिप आली. ती विजेनेच पुसता येई. हौशी लोकांनी तिच्यासाठी संगणकाच्या सीरियल आणि प्रिंटर पोर्टवर चालणारे प्रोग्रामर मोजक्या सुट्या भागांत उभे केले.

आता तर प्रोग्रामर वेगळा घ्यावाच लागत नाही अशीही बोर्डं आहेत. २०२१मध्ये ४ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोचं बटण दाबून धरा, यूएसबी जोडा. तो पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल ओढून टाकली की काम झालं. ही सोय देणारा कोड चिपच्या रॉममध्येच कोरलेला असल्याने तो पुसला जाऊच शकत नाही. एसटीएम३२ चिपा बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या न्यूक्लिओ बोर्डांवर प्रोग्रामर आधीपासूनच बसवलेला असतो. जुन्या न्यूक्लिओचे दोन जंपर काढले, की तोच बाहेरच्या एसटीएम३२ चिपाही प्रोग्राम करतो. एसटीएम३२ शिकायचंय? माझं मत न्यूक्लिओलाच.

एक धोका तेवढा ओळखून ठेवा. एटीटाइनी८५ला पाय आठच, म्हणून रीसेटचा पायही वापरात घ्यावासा वाटतो. त्यासाठी चिपमधला फ्यूज, म्हणजे तिची एक सेटिंग, बदलला, की यूएसबीएएसपीला ती चिप पुन्हा दाद देत नाही. मग रीसेटवर १२ व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतो, आणि तोही ऊनो, एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा पुरवठा एवढ्यावर घरी बनतो.