मोटारीची नाडीपरीक्षा

मोटार चढावर दम टाकू लागली, की दुरुस्तीच्या दुकानात एक निदान हमखास ऐकावयास मिळते : 'इंजिन खोलावे लागेल.' ते कधी खरेही असते. परंतु त्या खर्चाने मध्यमवर्गीय घराचा जमाखर्च कोलमडतो. म्हणून रुकार देण्यापूर्वी मालकाने दोन परीक्षा आपल्यासमक्ष करवून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली प्लगांची. मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ साली निवृत्त झालेली प्रीमिअर पद्मिनी उदाहरणादाखल घेऊ. तिला चार सिलिंडर, चार प्लग. काढलेले प्लग क्रमानेच मांडावेत. एकत्र टाकले, की साक्षीदारांची सरमिसळ झालीच. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरे फटक टोक अतिउष्णता सुचविते. बोटाला काळे तेल लागले, तर इंजिनातले तेल सिलिंडरात येऊन जळत आहे.

ते कोठून आले, हे मात्र प्लग सांगत नाही. तेथे दुसरी परीक्षा, कॉम्प्रेशनची. पिस्टन हवा किती दाबतो, हे मापकावर पाहावयाचे. इंजिन गरम असावे, चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडवावी. (आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलही बंद करावे लागते.) मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन पाच-सहा फेरे फिरवावे. अॅक्सिलरेटर दाबावयाचे पुष्कळदा राहून जाते. मग पुरेशी हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिन आजारी ठरते!

समजा, दर चौरस इंचास १४०, १३८, ९५ आणि १४२ पौंड असे आकडे आले. नुसता मोठा आकडा पाहून हुरळू नये. आकड्यांतील तफावत पाहावी. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्याच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला, तर त्या सिलिंडरात दोष आहे असे धरावे. येथे तो तिसऱ्यात आहे. त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा बराच चढला, तर तेलाने फट तात्पुरती बुजविली. म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व नीट बसत नाही किंवा गॅस्केट फुटले आहे. शेजारशेजारचे दोन आकडे पडले असते, तर आम्ही आधी गॅस्केटवरच संशय घेतला असता.

रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावे लागतात. व्हॉल्वसाठी सहसा हेड उतरविणे पुरते. आणि टॅपेटची फट कमी झाल्याने व्हॉल्व किंचित उघडा राहत असेल, पण जळलेला नसेल, तर हेडलाही हात लावावा लागत नाही. फट नीट करून पुन्हा आकडा घ्यावयाचा.