विश्लेषण : स्वीडनची स्वस्त सुरी वाळूजच्या टूलबॉक्ससाठी कामाची आहे का?

वाळूज एमआयडीसीत डिस्पॅच, स्टोअर किंवा मेंटेनन्सच्या टेबलावर कापायचे साधन बहुधा दोनपैकी एक असते. एक, पाते पुढे सरकवायचा प्लास्टिकचा कटर. दुसरे, तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडला ग्राइंडरवर धार लावून आणि मागे चिकटपट्टी गुंडाळून केलेली जुगाडू सुरी. कटरचे पाते मोडते आणि जुगाडू सुरी हातातून सटकते. युरोपातील सुतार, इलेक्ट्रिशियन आणि बांधकाम कामगार हीच कामे अनेक दशके एका साध्या स्वीडिश सुरीने करतात. ऑनलाइन खरेदीमुळे ही सुरी आता आपल्याकडेही मागवता येते. पण कोणती घ्यायची, ती खरेच उपयोगी आहे का आणि जवळ बाळगली तर पोलीस पकडतील का?

या सुऱ्या नेमक्या कोणत्या?

स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील मोरा हे गाव सुऱ्यांसाठी ओळखले जाते. तेथील फ्रॉस्ट कारखान्याची सुरुवात १८९१ मधली, तर के. जे. एरिक्सन कारखाना १९१२ मधला. २००५ मध्ये दोन्ही एकत्र आले आणि आज ही कंपनी ‘मोराक्निव’ नावाने ओळखली जाते. दुसरे नाव हुल्ताफोर्सचे. १८८३ पासूनची ही कंपनी लाकडी घडीच्या मोजपट्टीमुळे प्रसिद्ध झाली आणि कारागिरांसाठी सुऱ्याही विकते.

या सुऱ्यांचे पाते दुमडत नाही, मुठीत कायमचे बसवलेले असते. प्लास्टिक किंवा रबराची मूठ आणि प्लास्टिकचे म्यान एवढाच थाट. साधी मॉडेल्स युरोपात साधारण १० ते २० युरोंत मिळतात. आपल्याकडे आयात शुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा जोडला की किंमत वाढते. नॉर्वेची हेले किंवा फिनलंडची मार्तीनी यांच्या लाकडी मुठीच्या सुऱ्या देखण्या असतात, पण महाग. शॉप फ्लोअरसाठी त्यांचा विचार करण्याची गरज नाही.

‘स्कँडी’ धार म्हणजे काय?

स्वयंपाकघरातल्या सुरीच्या कडेला सहसा वेगळी, अगदी बारीक धार काढलेली असते. स्कँडी प्रकारात पात्याच्या साधारण मध्यापासून दोन्ही बाजूंनी एकच सपाट, रुंद उतार थेट धारेपर्यंत येतो. याचे दोन फायदे. लाकडावर हा उतार टेकवला की सुरी रंध्यासारखी नियंत्रणात चालते. आणि धार लावताना कोन मोजावा लागत नाही; उतार दगडावर सपाट बसला की कोन आपोआप जुळतो. तोटाही आहे. पाते जाड असेल तर ते पुठ्ठ्यात पाचरीसारखे अडकते.

कार्बन की स्टेनलेस?

निवडीतला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. मोराक्निवच्या कार्बन पोलादाच्या पात्यात सुमारे १ टक्का कार्बन असतो आणि कठीणपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर ५८ ते ६०. स्टेनलेस पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘१२सी२७’ पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा कठीणपणा थोडा कमी, ५६ ते ५८.

सोप्या भाषेत, कार्बनचे पाते जास्त बारीक धार घेते आणि दगडावर लवकर तयार होते. पण घाम, कूलंट किंवा पावसाळी हवा लागली आणि पुसायचे राहिले, तर एका रात्रीत त्यावर गंजाचे ठिपके दिसू शकतात. स्टेनलेसला क्रोमियममुळे संरक्षक थर मिळतो. ओल्या जागी, खाद्यपदार्थ किंवा औषध उद्योगात, किंवा दोन पाळ्यांत चार हात एकच सुरी वापरत असतील तिथे स्टेनलेसच बरे.

मॉडेल्समध्ये फरक काय?

- मोराक्निव कम्पॅनियन : पाते सुमारे १०.४ सेंटिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड. रबरी पकड. कार्बन आणि स्टेनलेस, दोन्हींत मिळते. सर्वसाधारण कामासाठी.
- मोराक्निव प्रो सी आणि प्रो एस : पाते सुमारे ९ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. ‘सी’ म्हणजे कार्बन, ‘एस’ म्हणजे स्टेनलेस. पाते पातळ असल्याने रबर, फोम, केबलचे आवरण यांत सहज शिरते.
- मोराक्निव प्रो रोबस्ट : कार्बनचे ३.२ मिलिमीटर जाड पाते. पॅलेटचे लाकूड सोलणे, खरवडणे अशा राकट कामासाठी. पुठ्ठ्याला नको.
- मोराक्निव प्रो सेफ : टोक गोल केलेले. गोणी किंवा खोके उघडताना आतला माल आणि शेजारच्याचा हात, दोन्ही वाचतात.
- हुल्ताफोर्स एचव्हीके आणि जीके : एचव्हीके रोजच्या वापराची. जीके ३ मिलिमीटर जाड, जोराच्या कामासाठी.

मग कटर फेकून द्यायचा का?

नाही. मोडत्या पात्याचा कटर १९५६ मध्ये जपानमध्ये तयार झाला. ओल्फा कंपनीच्या संस्थापकाला ती कल्पना चॉकलेटच्या वडीचे तुकडे मोडतात त्यावरून सुचली, असे कंपनी सांगते. १८ मिलिमीटर कटरचे पाते जेमतेम ०.५ मिलिमीटर जाड असते. खोके, टेप आणि कागदात त्याच्याशी कुठलीही स्वीडिश सुरी स्पर्धा करू शकत नाही. पण बाजूने जोर पडला की हेच पाते तुटून उडते. दोर, होज पाइप, गॅस्केट शीट, केबलचे जाड आवरण, लाकडी पॅलेट अशा दाब द्यावा लागणाऱ्या कामांत न दुमडणारी सुरी जास्त सुरक्षित ठरते.

दोन कामांना मात्र दोन्ही वर्ज्य. ताणलेली लोखंडी पट्टी सुरीने कापू नये. ती उसळून चेहऱ्यावर येते, त्यासाठी पट्टी कापायची कात्री असते. आणि चालू वायरला सुरी लावू नये. प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षणाची हमी नव्हे.

धार कशी टिकवायची?

इथे वाळूजची सवय आड येते. धार गेली की पाते थेट बेंच ग्राइंडरवर धरले जाते. पोलादाला कठीण करून नंतर ठरावीक तापमानाला टेम्परिंग केलेले असते. ग्राइंडरवर बारीक कडा काही सेकंदांत त्याहून जास्त तापते. कड निळी पडली म्हणजे ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली आणि मऊ झाली. मग ती धार कितीही लावली तरी टिकत नाही.

योग्य पद्धत साधी आहे. धारेच्या दगडावर पाणी घ्या, पात्याचा रुंद उतार सपाट टेकवा, हलक्या हाताने दोन्ही बाजू समान घासा. कडेला बारीक बर जाणवला की जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने पाते ओढून तो काढा. कार्बनच्या पात्याला शेवटी तेलाचा हात फिरवा.

कायदा काय सांगतो?

हा प्रश्न आपल्या शहरात किरकोळ नाही. मे २०१८ मध्ये, दंगलीनंतर काही दिवसांतच, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांच्या गुन्हे शाखेने कुरिअरच्या कार्यालयांतून जप्त केले होते.

शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. वरच्या सगळ्या सुऱ्यांची पाती साधारण चार इंचांच्या आसपास आणि इंचभर किंवा त्याहून कमी रुंद. म्हणजे परवान्याचा प्रश्न येत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रे आणि इजा करू शकणाऱ्या वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश निघतात. उल्लंघन केल्यास कलम १३५ नुसार कारवाई होते. तेव्हा पात्याची लांबी किती, हे सांगून सुटका होईलच असे नाही.

खुद्द स्वीडनमध्येही सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायला कायद्याने बंदी आहे. कामासाठी गरज असेल तर सूट. कमरेला सुरी लावून फिरणे तिथेही चालत नाही. इथे तर सुरी कंपनीतच, टूल क्रिबमध्ये नोंद करून ठेवणे उत्तम. ने-आण करावीच लागली तर म्यानात घालून, बंद टूलबॉक्समध्ये, इतर अवजारांसोबत. दुचाकीच्या डिकीत सुटी किंवा खिशात कधीही नाही. विमानाच्या केबिन बॅगेतही ती चालत नाही.

मग घ्यायची कोणती?

दिवसभर खोकीच उघडायची असतील तर पैसे वाचवा, चांगला कटर आणि कट-रेझिस्टंट हातमोजे घ्या. मेंटेनन्स, इलेक्ट्रिकल किंवा रबराच्या कामाला प्रो एस पुरेशी आहे. एकच सुरी सगळ्याला हवी असेल तर स्टेनलेस कम्पॅनियन. रोज पुसायची आणि दगडावर धार लावायची तयारी असेल तरच कार्बन. पॅकिंगला नवी मुले असतील तर गोल टोकाची प्रो सेफ.

आणि कारखान्याच्या सुरक्षा नियमात उघड्या पात्याच्या सुरीला मनाई असेल, तर घेण्याआधी सेफ्टी ऑफिसरची लेखी परवानगी घ्या. अपघात झालाच तर ‘हे हत्यार आणले कोणी’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर कामगारालाच द्यावे लागते.