नजरेची येरझार (७) : दिसतच नसेल तर?

मागच्या वेळी ईएमडीआरच्या चौथ्या टप्प्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. (ईएमडीआर म्हणजे त्रासदायक आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवण्याचा मानसोपचार.) तो आता पुढच्या आठवड्यात. कारण एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला सोडत नाही. काचबिंदूमुळे त्यांच्या आईची दृष्टी गेली आहे आणि जुना अपघात अजून झोपू देत नाही. ताई विचारतात, 'तुम्ही बोटांमागे नजर फिरवायला सांगता. आईनं काय करायचं?'

आईंनाही ईएमडीआर घेता येतं. गुडघ्यांवर किंवा तळहातांवर आळीपाळीने हलक्या थापट्या द्यायच्या, नाहीतर हेडफोनमधून एकदा डाव्या, एकदा उजव्या कानात आवाज ऐकवायचा. ही पद्धत शोधणाऱ्या शापिरोबाईंनी स्वतःच हे पर्याय पुढे स्वीकारले. १९९७ साली पॉलिन चक्रीवादळाने मेक्सिकोतल्या अकापुल्कोची दाणादाण उडवली. तिथल्या मुलांबरोबर काम करताना थेरपिस्ट लुसिना आर्तिगास यांना एक युक्ती सुचली. हात छातीवर आडवे घ्यायचे आणि पंख हलावेत तसे तळव्यांनी आळीपाळीने हलकेच थापटायचं. या 'बटरफ्लाय हग'मुळे अख्ख्या घोळक्यातलं प्रत्येक मूल स्वतःलाच थापटू शकलं.

मग डोळे हवेतच कशाला? यावर खूप वाद झाला. २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी चौतीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नजर फिरवण्याने वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये ली आणि कौपर्स यांनी सव्वीस अभ्यास घेतले, तर तो दिसला. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण त्यामागचं स्पष्टीकरण मला पटतं.

वर्किंग मेमरी, म्हणजे मनातली कामापुरती जागा, हा जणू स्वयंपाकघरातला अरुंद ओटा. आठवण काढली की ती या ओट्यावर पसरते. त्याच वेळी बोटांचा पाठलाग करायचा, तर तोही ओट्यावरच. दोघांना जागा पुरत नाही. चित्र आक्रसतं, फिकटतं, आणि परत ठेवताना तसंच ठेवलं जातं. आन्ड्राड, कॅव्हना आणि बॅडली यांच्या १९९७ च्या प्रयोगांत हे फिकटणं दिसलं होतं.

हे फिकटणं मीही अनुभवलंय. ईएमडीआरच्या प्रशिक्षणात आम्ही एकमेकांवर सराव करायचो. मी शाळेतला एक प्रसंग घेतला : फळ्यासमोर उभा मी, गुरुजींच्या हातातलं डस्टर, वर्गाचं हसणं. शून्य ते दहामध्ये त्रास सहा. बोटांमागे नजर फिरवण्याच्या चार-पाच फेऱ्यांनंतर डस्टर दिसत होतं, पण हसणं शेजारच्या वर्गातून यावं तसं. आकडा दोनवर आला होता.

आता आईंकडे वळू. नुसत्या टिकटिक आवाजाने ओटा फारसा भरत नाही. हॉलंडमधल्या प्रयोगांत नजर फिरवण्यापुढे आवाज कमी पडला. म्हणून थापट्या देतानाही लय मध्येच बदलावी, वेग वाढवावा, म्हणजे लक्ष द्यावंच लागतं. हे प्रशिक्षित थेरपिस्टनेच करायचं, घरी नाही. आणि ताई, पहिल्याच भेटीत थेरपिस्टला एक सांगा : आईंना हात येताना दिसत नाही. प्रत्येक फेरीआधी 'आता गुडघ्याला हात लावतोय' असं म्हणायला हवं. थांबायचं असेल तर आईंनी हात वर करायचा, हेही आधीच ठरवा. स्पर्श नकोसाच वाटला, तर मुठीत धरायची, आळीपाळीने थरथरणारी छोटी यंत्रं मिळतात.