हौसेला मोल नाही, पण नियम आहेत! व्हिंटेज गाड्या सांभाळणं अवघड का?

कुर्ल्यात तयार झालेली फिएट ११०० डिलाइट रस्त्यावर दिसली की आजही माना वळतात. पण अशा चार-पाच गाड्या बाळगणाऱ्याचा रविवार मात्र बॉनेटखालीच जातो.

'व्हिंटेज' कोणती?
केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली बिगरव्यावसायिक गाडी. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं.

अडचण कुठे?
अशी नोंदणी झालेली गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन किंवा दुरुस्तीसाठी बाहेर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. आणि उभी राहिली की गाडी बिघडते. बॅटरी उतरते, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल! इथेनॉल ओलावा धरतं, जुने रबरी पाइप आणि गॅस्केट खराब करतं.

मधल्या गाड्यांचं काय?
१९८०च्या दशकातली पद्मिनी अजून 'व्हिंटेज' नाही. तिला १५ वर्षांनंतरची फिटनेस तपासणी आणि दर ५ वर्षांनी फेरनोंदणी चुकत नाही.

म्हणून जुनी गाडी घेताना रंगाआधी आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख पाहा. पुढचा खर्च आणि मोकळीक तीच ठरवते.