तिरकं उतरणारं विमान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूधगंगेच्या पाण्यावर वाढलेल्या सदलग्याच्या उसात विमान हा काही रोजचा विषय नाही. तरी सरळ रेषेत मोजलं तर कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ इथून तीसेक किलोमीटरवर आहे आणि बेळगावचं सांबरा ऐंशीच्या आतबाहेर. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४२ची. विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये वैमानिक-प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यासाठी पाच विमानतळ निवडले. जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी यांच्या जोडीला त्यात बेळगावही होतं. ‘पोरीला पायलट करायचंय’ असं चिकोडी-निपाणीकडं कुणी म्हणालं तर आता ते हसण्यावारी नेलं जात नाही.

शिकाऊ विमानं पाहणाऱ्यांना एक दृश्य हमखास दचकवतं. विमान धावपट्टीकडं येतंय, एक पंख खाली झुकलाय, नाक भलत्याच दिशेला आहे आणि अख्खं विमान खेकड्यासारखं तिरकं, भराभर खाली येतंय. ‘गेलं हातातनं!’ असंच कुणीही म्हणेल. हातातून काही गेलेलं नसतं. वैमानिकानं ते मुद्दाम केलेलं असतं. या युक्तीला स्लिप म्हणतात आणि तिच्याबद्दल बघ्यांइतकेच गैरसमज शिकणाऱ्यांतही आहेत.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की उंची जास्त झाली तर नाक खाली दाबायचं, त्यात काय एवढं? नाक दाबलं की विमान खाली येतं खरं, पण उंचीचा वेग होतो. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर विमानातली गतिज ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण हिशोब वर्गाचा आहे. असं विमान धावपट्टीवर पोचतं, पण टेकायला तयार होत नाही. जमिनीपासून हात-दोन हातांवर तरंगत राहतं आणि धावपट्टी मागं पळत राहते. सांबऱ्याला २,३०० मीटर आहेत, तिथं हे खपून जातं. तुकड्यातुकड्यांच्या शेतात उतरावं लागलं तर खपत नाही.

स्लिपमध्ये उंची जाते आणि वेग वाढत नाही, सगळी गंमत इथं आहे. इंजिन मंद केलेलं असतं. समजा वारा डावीकडून आहे. वैमानिक एलेरॉननं, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या हलत्या झडपांनी, डावा पंख खाली घेतो आणि त्याच वेळी उजव्या पायानं रडरचं, म्हणजे शेपटीतल्या सुकाणूचं, पेडल दाबतो. एरवी वळताना हात आणि पाय एका बाजूला चालतात, इथं उलट. पंख डावीकडं ओढतो, रडर वळू देत नाही. विमान धावपट्टीच्या रेषेतच राहतं, फक्त त्याची डावी कूस समोरच्या हवेला भिडते. वाऱ्याच्या दिवशी पत्र्याचं पान घेऊन चाललेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कड वाऱ्याकडं असेल तर चालता येतं, सपाट अंग फिरलं की पावलं अडतात. वाढलेला हा अडथळा उंचीतून मिळणारी ऊर्जा खाऊन टाकतो. जमीन जवळ आली की पाय आणि हात एकदमच मोकळे करायचे, नाक सरळ होतं आणि विमान नेहमीसारखं टेकतं.

यावर शिकणारे विचारतात, मग फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली वाकणाऱ्या झडपा, कशाला असतात? प्रश्न रास्त आहे. आजच्या विमानांत उंची कमी करण्याचं रोजचं काम फ्लॅपच करतात. पण टायगर मॉथसारख्या जुन्या शिकाऊ विमानाला फ्लॅपच नव्हते. त्या काळच्या वैमानिकाला स्लिप यायलाच हवी. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथमधून. त्या विमानाच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवून हवेत ब्रेक लावायची सोय होती! उंची कशी घालवायची, हे कोडं विमानाइतकंच जुनं आहे.

‘फ्लॅप खाली असताना सेसना १७२ मध्ये स्लिप करायचीच नाही’ हे या शिकाऊ विमानाबद्दलचं वाक्य तर मंत्रासारखं पाठ झालेलं असतं. ते अर्धवट आहे. काही जुन्या मॉडेलांच्या पुस्तिकांत पूर्ण फ्लॅपवर स्लिपला मनाई होती, कारण विशिष्ट वेगात आणि विशिष्ट कोनात विमानाचं नाक एकाएकी खाली जायचं. नंतरच्या मॉडेलांत शब्द मवाळ झाले: वीस अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्र स्लिप टाळा, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) किंचित हेलकावण्याची शक्यता आहे. टाळा म्हणजे मनाई नव्हे. पण टाळा म्हणजे बिनधास्त कराही नव्हे. आपण बसलोय त्या विमानाची पुस्तिका काय म्हणते तेच खरं, मित्राच्या विमानाची नव्हे.

स्लिप म्हणजे स्टॉल (पंखांची उचल सुटणं) आणि स्टॉल म्हणजे गिरकी, ही भीती चुकीच्या माणसाला चोर ठरवण्यासारखी आहे. खरा चोर स्किड, म्हणजे वळताना शेपूट बाहेर घसरणं. धावपट्टीच्या रेषेत वळताना विमान पुढं निघून गेलं, की घाबरलेला शिकाऊ वळणाच्याच बाजूचं पेडल जास्त दाबतो. पंख फार झुकतोय म्हणून हात उलटा धरतो आणि नाकही वर ओढतो. अशा वेळी आतला, खालचा पंख आधी दगा देतो आणि विमान त्याच बाजूला उलटं होऊ पाहतं. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. स्लिपमध्ये बहुधा वरचा पंख आधी सुटतो, विमान सपाट होण्याकडं झुकतं आणि वैमानिकाला श्वास घेण्यापुरता वेळ मिळतो. वेग सांभाळला नाही तर स्लिपसुद्धा माफ करत नाही, हे मात्र खरं.

आणि वेग सांभाळायचा कसा? काटा बघून, असं उत्तर येईल. इथं काटाच फसवतो. सेसना १७२ मध्ये स्थिर हवेचा दाब घेणारं भोक पुढच्या भागात डाव्या बाजूला असतं. विमान तिरकं झालं की त्या भोकापाशी दाब बदलतो आणि वेगाचा आकडा चुकतो. म्हणून नाक क्षितिजाच्या किती खाली आहे आणि हवेचा आवाज कसा येतोय, यावर भिस्त ठेवावी लागते. इंधन कमी असेल तर आणखी एक पेच आहे. विमान बराच वेळ तिरकं राहिलं की टाकीतलं इंधन एका बाजूला जातं आणि नळीच्या तोंडाशी हवा येऊ शकते. पाव टाकी उरली असेल तर लांबलचक स्लिप नाहीच.

हे फक्त छोट्या विमानांचं काम, असं वाटत असेल तर २३ जुलै १९८३ आठवा. माँट्रियलहून एडमंटनला निघालेलं एअर कॅनडाचं बोइंग ७६७. किलो आणि पौंड यांच्या गोंधळात इंधन कमी भरलं गेलं आणि ४१,००० फुटांवर ते संपलं. विमानात ६९ माणसं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौशी ग्लायडर-वैमानिक होते. कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर येताना उंची जास्त होती, फ्लॅप चालत नव्हते, दुसऱ्या फेरीचा प्रश्नच नव्हता. पिअर्सननी ते अवाढव्य विमान स्लिपमध्ये घातलं. सगळे वाचले. मोठ्या विमानात रोज असं कुणी करत नाही, तिथं पंखांवर उभे राहून हवा अडवणारे स्पॉयलर असतात. पण हवेचा नियम दोन्हींना एकच.

आपल्याकडं या कौशल्याचं मोल इंजिन बंद पडल्यावर कळतं. ३० मे २०२३ला एक शिकाऊ विमान सांबऱ्याजवळ होन्निहाळच्या शिवारात उतरवावं लागलं, आतले दोघे बचावले. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक सेसना १५२ कोसळलं, त्यातली शिकाऊ वैमानिकही बचावली. इंजिन थांबलेलं सेसना हजार फुटांवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर जातं. आता सदलग्याच्या आसपास तुटलेल्या उसाचं एक मोकळं रान निवडलंय असं धरा. अलीकडं पुरुष-दीड पुरुष उंचीचा उभा ऊस, बांधावर विजेच्या तारा, पलीकडं विहीर. कमी उंचीवर आलात तर तारांत जाल, कारण गेलेली उंची परत मिळत नाही. म्हणून जाणता वैमानिक मुद्दाम थोडा उंच येतो. तारा ओलांडल्या की जादाची उंची स्लिपनं टाकतो. उंच येणं ही चूक आहे, असं नवशिक्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. इंजिन बंद असताना ती पुंजी असते आणि ती खर्चायची रीत यायला हवी. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत स्लिपनं उतरून दाखवावं लागतं, ते योग्यच आहे.

तुमच्या घरातलं कुणी सांबऱ्याला किंवा बारामतीला विमान शिकत असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. स्लिप आधी प्रशिक्षकाला शेजारी बसवून, चांगल्या उंचीवर करून बघा. आणि त्याआधी आपल्या विमानाच्या पुस्तिकेतल्या फ्लॅप आणि इंधनाच्या मर्यादा स्वतः वाचा.