प्रेसमडमधले मेण आणि साच्याची पोकळी

आपण गाडीभर प्रेसमड नेऊन वावरात पसरतो. त्यात उसाचे मेण असते अन् मेणात बीटा-सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ही स्टेरॉल. आपल्या सरकी-सोयाबीनच्या तेलातही तीच. औषधाला लागतात, १९४० च्या सुमारास अमेरिकेत पर्सी ज्युलियन यांनी सोयाबीनच्या स्टिग्मास्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवले. पण ही सगळी एकमेकांची भावंडे, वेगळी काढणे जिकिरीचे!

त्यावर तोड अशी : हव्या त्या स्टेरॉलभोवती मेथॅक्रिलिक आम्ल व जोडरसायन घालून घट्ट प्लास्टिक जमवायचे, दळायचे, मग द्रावकाने स्टेरॉल धुऊन काढायचे. गणपतीच्या साच्यासारखी पोकळी उरते. तिच्यात तोच रेणू नीट बसतो. भावंडे थोडीफार शिरतातच म्हणा.

हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतले, ग्रॅमांच्या हिशेबाचे. म्हणून प्रेसमडला जादा भाव मागायची घाई नको. मेण काढले तरी उरलेला गाळ खताला चालतोच.