आंधळ्या नळीची पारख

1959 च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख थेट नावानिशी आहे. परवाना कुणाला द्यावा हे सांगणाऱ्या तेराव्या कलमात, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी मागितलेल्या ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय केली आहे. एवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, असंही पुढे म्हटलं आहे. साऱ्या जगाच्या फौजांनी दीडशे वर्षांपूर्वी अडगळीत टाकलेलं हे हत्यार आपल्याकडे अजून नवं कोरं विकलं जातं, ते या कलमाच्या आधाराने. आणि नव्या वस्तूत खोट निघायची ती यातही निघते.

रायगड जिल्ह्यातलं पेण आणि रोहा म्हटलं की गणपती आणि कुंडलिका नदी आठवते. बंदूक आठवत नाही. पण पेणचा खारेपाट सोडून डोंगराच्या कडेला सरकलं, किंवा रोह्यातून फणसाडच्या रानाकडे गेलं, की भात लोंबीला आल्यावर रात्री शेतात कुणीतरी जागं असतं. फणसाड एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1986 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. विनोबांचं जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यातलं. रानडुकरांनी भूदानाचा अर्थ आपल्या सोयीने लावलेला दिसतो. एका रात्रीत अर्धा एकर भात लोळवून जातात. दिवसा वानरं, रात्री डुकरं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायलाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. त्यामुळे राखणीच्या बंदुकीचं मुख्य काम आवाजाचं. बार काढायचा, कळप पांगवायचा. अशा बंदुकीचा बार ऐन वेळी फुसका गेला, तर तिच्यात आणि काठीत फरक काय राहिला?

तिची रचना तशी साधी. नळीच्या पुढच्या तोंडातून काळी दारू ओतायची, गजाने ठासायची, मागच्या बाजूला उभ्या असलेल्या बारक्या पोकळ निपलावर तांब्यापितळेची टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलातून खाली उतरते, एका अरुंद वाटेने वळते आणि दारूला भेटते. या टोपीच्या आधी चकमकीचे दगड होते, त्याच्याही आधी जळता तोडा. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट अलेक्झांडर फॉरसाइथ या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये घेतलं. चकमकीचा भडका आणि धूर पाहून पक्षी बार होण्याआधीच उडून जात, हा त्याचा त्रागा होता.

आपल्याकडे हिला कुणी सरसकट रायफल म्हणतं, पण ती रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, राखणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. खाचांच्या नळीत गोळी घट्ट बसावी लागते आणि घट्ट गोळी पुढून सरकवायची तर वंगण लागतं. 1853 च्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या या वंगणानेच 1857 ची ठिणगी पडली. ती रायफलही ठासणीचीच होती.

परवान्याने बंदुका बनवणारे लहान कारखाने आज मुख्यतः बिहारमधल्या मुंगेरला आणि जम्मूत आहेत. मुंगेरचा धंदा जुना. बंगालचा नवाब मीर कासिम याने 1760 च्या दशकात राजधानी तिथे हलवली आणि बंदुकांचा कारखाना उभारला. या कारखान्यांत आजही बरंचसं काम हाताचं असतं. हाताच्या कामाचं मला कौतुक आहे, पण ते मूर्तीत. गणपतीची भुवई एक केस वर गेली तर तो मूर्तिकाराचा हात म्हणून खपतो. निपलाचं भोक एक केस सरकलं तर बार होत नाही.

म्हणून चाचणीचा शिक्का महत्त्वाचा. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून बघायची, ती फुगली-फाटली नाही तर तिच्यावर शिक्का मारायचा, ही पद्धत युरोपात सतराव्या शतकापासूनची. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 मध्ये संसदेच्या कायद्याने उभं राहिलं. आपल्याकडेही नियमाने चाचणी लागते, आणि बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ठरलेली ओळखखूण कोरलेली नसेल तर ती बंदूक विकणंच शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाने बंद आहे. पण शिक्का सांगतो ते एवढंच, की नळी फुटणार नाही. बार होईल की नाही, घोडा अर्ध्यावर धरेल की घसरेल, हे तो सांगत नाही.

ते दुकानातच बघावं लागतं, आणि तिथेच आपला माणूस बुजतो. परवान्यासाठी तहसील, पोलीस ठाणं आणि अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात इतके हेलपाटे झालेले असतात, की बंदूक हातात आली यातच त्याला धन्यता वाटते.

"नवाच माल आहे, काका. पेटी तुमच्यासमोरच फोडली ना?"

"नवा आहे म्हणूनच बघतो, शेठ. जुना असता तर तुमच्या शब्दावर नेला असता."

हे उत्तर देणारा जाणता काका सोबत असेल तर निम्मं काम झालं. तो पहिल्यांदा बंदूक भिंतीकडे करतो आणि गज मागतो. गज नळीत टेकेपर्यंत सोडायचा, तोंडाशी अंगठ्याच्या नखाने खूण धरायची, बाहेर काढून नळीच्या अंगावरून तसाच लावायचा. गजाचं टोक निपलाच्या जवळपास पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. वाहतुकीत कोंबलेला बोळा असेल, कचरा असेल, किंवा चाचणीच्या वेळचा बार तसाच राहिला असेल. हे कळेपर्यंत पुढचं काही करायचं नाही, तोंडाशी डोळा तर मुळीच न्यायचा नाही.

मग नळी. काडतुसाची बंदूक मधोमध मोडता येते. पलीकडे उजेड धरला की नळी आरशासारखी दिसते. ठासणीची नळी मागून बंद, तिला पलीकडचा उजेडच नाही. आणि खोट असते ती नेमकी तळाशी, जिथे दारू बसते आणि जोर पडतो. दोऱ्याला बांधलेला बोटाएवढा दिवा आत सोडला तर यंत्रकामाच्या कड्या, गंजाचे काळे ठिपके, तळाशी अडकलेला धातूचा कीस दिसतो. दिवा नसेल तर गजाला चिंधी गुंडाळून एकसारख्या जोराने आत-बाहेर करायची. मध्येच सैल, मध्येच घट्ट लागली तर नळी आतून एकसारखी नाही. चिंधी फाटून आली तर आत कूस उभी आहे. चिंधीला काळसर चिकट तेल लागलं तर घाबरायचं कारण नाही, ते गंजू नये म्हणून कारखान्यातच भरलेलं असतं. मात्र तेच तेल निपलाच्या वाटेत साचतं, आणि नव्या बंदुकीचे पहिले बार चुकण्याचं सगळ्यात सामान्य कारण तेच.

म्हणून निपल चावीने सोडवून दाखवायला सांगावं. यात संकोच करू नये. आटे सरळ हवेत. तिरपे चढवून जबरदस्तीने आवळलेलं निपल एक दिवस टोपीबरोबर तोंडावर येऊ शकतं. निपल निघालं की खालची वाट दिसते, ती सुईने आणि कोरड्या चिंधीने साफ करता येते. ज्या टोप्या आपल्याला नेहमी मिळणार आहेत त्यातलीच एक बसवून पाहावी. सैल असेल तर बांधावरून चालतानाच गळून पडेल. घट्ट असेल तर घोड्याचा पहिला घाव टोपी खाली सारण्यातच जाईल, आणि डुक्कर दुसऱ्या घावासाठी थांबत नाही. नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेलं बूच असतं, तिथली फट नखाला लागता कामा नये.

कळ, म्हणजे घोडा आणि चाप चालवणारी यंत्रणा, हा भाग माझ्या मते सगळ्यात धोक्याचा, आणि तोच लोक सगळ्यात कमी तपासतात. घोड्याला दोन थांबे असतात. अर्धा घोडा चालताना, पुरा घोडा बार काढताना. अर्ध्यावर ठेवून चाप चांगला दाबला तरी घोडा हलायला नको. हलला, तर बंदूक कितीही देखणी असो, परत करायची. ओल्या बांधावर पाय घसरला की पुढचा माणूस जाईल. पुऱ्यावर चढवून दस्त्याला तळहाताची थाप मारली तरी घोडा पडता कामा नये. तो निपलावर मधोमध पडतो का, हे निपलावर चामड्याचा तुकडा ठेवून बघावं. कोरडा घाव घालत राहिलो तर आपणच निपलाचं डोकं चेपवतो आणि मग खोट कुणाची यावर वाद होतो. दस्त्याचं लाकूड कच्चं असेल तर कोकणच्या पावसाळ्यात ते फुगतं, कळ जाम होते, आणि दिवाळीनंतर वाळून बारीक चीर दाखवतं. खिळ्यांची डोकी ओरबाडलेली दिसली, तर ही बंदूक आपल्याआधी कुणीतरी उघडली आहे असं समजावं.

घरी आल्यावर दारू न भरता, उघड्यावर, नळी जमिनीकडे करून गवताच्या पात्यासमोर नुसती टोपी वाजवायची. पातं हललं तर वाट मोकळी आहे. दारू भरून बार चुकला, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून थांबायचं. ठिणगी कधी कधी रेंगाळत पोचते. बार झाला की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात तिला ओलाव्याची वाण नाही. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांना पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, घरोघर खंडेनवमीला हत्यार पाटावर येतं. हळद-कुंकू वाहावं, पण निपलावर टोपीएवढं कापड घालून.

दुकानातच बघा असा एवढा धोशा लावण्याचं कारण कागद आहे. मिक्सर बिघडला तर गल्ल्यावर बदलून मिळतो. बंदुकीचा क्रमांक एकदा परवान्यावर चढला की ती दुकानदाराने नुसती परत घेऊन दुसरी देता येत नाही; सगळी नोंद बदलावी लागते. अलिबागची फेरी पुन्हा सुरू. त्या कंटाळ्यापायी माणूस खोट असलेली बंदूक घेऊन गप्प बसतो, किंवा गावच्या लोहाराकडे जातो. लोहाराचा हात कितीही कसबी असला तरी परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं कायद्याने गुन्हा आहे. ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी लागते, आणि पावती जपून ठेवावी लागते.

तक्रारीचा रस्ता आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालातल्या दोषाची व्याख्या ऐसपैस आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. व्यापारी कामासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. शेतकऱ्याने या मुद्द्यावर मागे हटू नये. दुकानदाराचं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं: हा गंज कारखान्याचा नाही, तुमच्या माळ्यावरचा आहे. त्याला तोंडी उत्तर नाही. खरेदीच्या दिवशी नळी, निपल, कळ आणि कोरलेला क्रमांक यांचे फोटो काढून ठेवले असतील, तरच बोलता येतं.

तेच फोटो आणखी एका प्रसंगी लागतात. निवडणूक आली की जिल्ह्याची छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. म्हणजे भात कापणीला आलेलं असतानाच. जमा करताना पावतीवर नुसतं 'एक ठासणीची बंदूक' असं लिहून घेऊ नये. क्रमांक लिहायला लावावा, नळीला तेल दिलेलं आहे आणि निपल जागेवर आहे हेही लिहायला लावावं, आणि परत घेताना ठाण्याच्या दारातच गज टाकून बघावा.